नातं सकाळी अकरानंतर

आमच्या वरच्या मजल्याला तारे मिळतात. मी खालच्या मजल्यावर राहतो, मला कुणी देत नाही.

लेक विद्याश्री लग्न होऊन पुण्याला गेली आणि वरचा मजला रिकामा पडला. गेल्या दिवाळीत तिनं त्याचे फोटो काढून पर्यटकांच्या ॲपवर टाकले आणि यजमान म्हणून आईचं नाव घातलं. 'शिवगंगा यांचं घर. रंकाळ्यापासून चालत दहा मिनिटं.' दहा मिनिटं हा विद्याश्रीचा वेग, माझ्या गुडघ्यांना कुणी विचारलं नव्हतं. फाटकावर छत्तीस वर्षं माझ्या नावाची पाटी आहे. शिवगंगेचं नाव आजवर फक्त रेशनकार्डावर, तेही माझ्या खाली. तिनं तो फोन भिशीतल्या सगळ्या बायकांना दाखवला. ज्यांनी नीट वाचलं त्यांना पुन्हा दाखवला.

कामाची वाटणी ठरली. चादरी, धपाटे, गरम पाणी तिच्याकडे आणि पाहुण्यांचं स्वागत माझ्याकडे. घोटाळा तिथंच झाला.

मी शिरोली एमआयडीसीत चौतीस वर्षं फौंड्रीत तपासनीस होतो. कास्टिंगवर हातोडी मारायची, आवाज ऐकायचा आणि आत काय दडलंय ते सांगायचं. निवृत्तीनंतर हातोडी गेली, सवय राहिली. माणूस समोर आला की मी दोनच ठोके मारतो. "गाव कुठलं?" आणि "आईचं माहेर?" आवाज येतोच.

पहिला पाहुणा साताऱ्याचा इंजिनिअर. त्यानं बॅग टेकवायच्या आत त्याची मावशी आमच्या निपाणीच्या चुलत्यांच्या व्याह्यांकडे दिलेली निघाली. आता घरच्या माणसाकडून राहायचे पैसे घ्यायचे? मी शिवगंगेच्या फोनवरून तिथल्या तिथं बुकिंग रद्द केलं आणि म्हणालो, "पावणं, आता ऱ्हावा की आठवडाभर!" तो राहिला.

दुसरी सांगलीची डॉक्टरीणबाई. तिच्या सासूचं माहेर इचलकरंजीत, माझ्या आत्याच्या भिंतीला भिंत लावून. रद्द.

तिसरा जर्मन. इथं मीही जरा चाचरलो. पण त्याच्या गावाचं नाव तीनदा ऐकल्यावर आठवलं, आमच्या फौंड्रीतल्या मोल्डिंग मशीनवर हेच नाव कोरलेलं होतं. ज्या मशीननं माझं घर चालवलं, त्याच्या गावच्या माणसाला भाडं मागू? बुकिंग रद्द झालेलं बघून त्याला वाटलं आपल्याला हाकलतायत. त्यानं बॅग उचलली. शिवगंगेनं खपली गव्हाच्या हुग्गीची, म्हणजे खिरीची, वाटी हातात दिली, तेव्हा कुठं खाली बसला.

दुसऱ्या दिवशी ॲपचा निरोप आला आणि पाठोपाठ विद्याश्रीचा फोन.

"अप्पा, यजमानानं बुकिंग रद्द करायचं म्हंजे तिथं खुनाच्या खालोखाल गुन्हा हाय. तीन झालं. चौथा झाला की आईचं नाव कायमचं उडतंय."

"आगं, पण पावणं खूश हायत की."

"ॲप खूश न्हाय!"

त्या आठवड्यात शिवगंगा भिशीला गेली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. छत्तीस वर्षांत तिचं डोकं भिशीच्या दिवशी कधी दुखलं नव्हतं. मला पहिल्यांदाच वाटलं, आपण नाती जोडता जोडता काहीतरी फोडलंय.

शुक्रवारी सकाळी तिनं फोनचं कुलूप बदललं आणि मला समोर बसवलं.

"आज बंगळूरचा पावणा येतोय. तोंडातनं गाव काढायचं न्हाय. आईचं माहेर तर न्हाईच न्हाई."

"मग बोलू काय त्येच्याशी?"

"वायफायचा पासवर्ड सांगा."

दुपारी पाहुणा आला. प्रभुलिंग, वय पंचवीस-सव्वीस, मराठी जरा अडखळत. मी पासवर्ड सांगितला. मग पासवर्ड पुन्हा सांगितला. शिवगंगा स्वयंपाकघराच्या दारात झारा घेऊन उभी होती, आणि ती काही तळत नव्हती.

पोरगा भिंतीवरच्या बसवेश्वरांच्या फोटोसमोर थांबला. मग वळून म्हणाला, "काका, तुमचं गाव कुठलं?"

मी शिवगंगेकडं पाहिलं. उत्तर द्यायचं नाही असं काही ठरलं नव्हतं.

"संकेश्वरजवळ. पर त्यात काय सांगण्यासारखं न्हाय."

"आणि मावशींचं माहेर?"

मी चौतीस वर्षं ठोके मारले, माझ्यावर पहिल्यांदाच कुणी हातोडी उचलली होती. मी तोंड मिटून घेतलं. पण दारातून आवाज आला, "चंदगड."

"माझी आजी चंदगडचीच! आईची आई. काजूच्या कारखान्यामागं त्यांचं घर होतं. गौराक्का."

झारा खाली पडला. गौराक्का म्हणजे शिवगंगेची सख्खी आत्या. दर मे महिन्यात ती माहेरी यायची, तिच्या हातचं खाऊन ही वाढलेली. हा पोरगा तिच्या आतेबहिणीचा मुलगा, म्हणजे ती त्याची खरोखरच मावशी.

"दे फोन," मी म्हणालो. "ह्ये तर रद्द करायलाच पायजे."

तिनं फोन पदराखाली घेतला. पोराकडं बघितलं, पदराकडं बघितलं. तिचे डोळे भरले होते. मग ती खाकरली.

"तुमचं चेकआउट कधी हाय?"

"रविवारी. सकाळी अकरा."

"मग रविवारी अकरापर्यंत तुम्ही माझं कोण न्हाई. वर जावा. टॉवेल पलंगावर हाय."

पोरगा गौराक्काचाच नातू. क्षणात समजला. "हो, मॅडम," म्हणाला आणि जिना चढला.

पुढचे दोन दिवस आमच्या घरात इतकी शिस्त होती की मलाच भाड्यानं राहिल्यासारखं वाटलं. शिवगंगा नाश्त्याचं ताट जिन्यात ठेवायची, "सर, नाश्ता" म्हणायची आणि कोपऱ्यातून बघायची, दोन धपाटे खातोय की तीन. तो पन्हाळ्याला जाताना "येतो" म्हणाला, तर हिनं देवापुढं दिवा लावला.

रविवारी अकराला प्रभुलिंगनं किल्ली दिली, बॅग घेतली आणि फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. फोनवर काहीतरी टिचकवलं. शिवगंगेच्या पदराखाली टिंग वाजलं. पाच तारे. खाली लिहिलं होतं, 'यजमान अत्यंत व्यावसायिक. अजिबात लुडबुड नाही.'

तिनं ते वाचलं, घड्याळ बघितलं आणि फाटकापर्यंत पळत गेली.

"आता ये की रं आत, मुडद्या! किती वाळलायस! आई कशी हाय तुजी?"

तो बुधवारी गेला.

आता ॲपवर आमच्या घराचे नियम दोन आहेत. धूम्रपान नाही. नातं सकाळी अकरानंतर. नाव उडालं नाही. वर नवीन पाहुणा येतो तेव्हा जुना खाली आमच्या खोलीत हललेला असतो, आणि मी सध्या बैठकीतल्या सोफ्यावर असतो.

परवा फाटकावरची पाटीही बदलली. वर ठसठशीत 'शिवगंगा', खाली बारीक मी. पाटी ठोकायला आलेल्या माणसानं हातोडी थांबवून विचारलं, "काका, गाव कुठलं तुमचं?"

मी घड्याळ पाहिलं. साडेदहा.

"दम धर," म्हटलं. "अर्धा तास ऱ्हायलाय."