काकांनी घेतलेला माझा नंबर

मी राऊटर बोलतोय, छापखान्यातला. वाट लावली ती थोरल्या काकांनी. हे आधीच सांगतो, कारण त्यांच्या तोंडून ते कधी निघणार नाही.

मला आणलं त्यांच्या पुतणीने. सगळे तिला चिमी म्हणतात. वडील गेल्यावर अर्धा छापखाना तिचा झाला, पण कागदावर. प्रत्यक्षात सही काकांची, खुर्ची काकांची आणि काम चिमीचं. तिने मला कटिंग मशीनच्या वर, भिंतीवर बसवलं. माझं शिक्षण अर्धवटच. नवीन सॉफ्टवेअर चढत होतं, तेवढ्यात "हे कशाला जळत ठेवलंय?" म्हणत काकांनी बटण बंद केलं. राहिलेलं पुन्हा कोणी शिकवलं नाही. माझं त्यावाचून अडलंही नाही.

काम साधं होतं. जो कॉम्प्युटर चालू होईल त्याला एक नंबर द्यायचा, तोच त्याचा पत्ता. एकच नंबर दोघांना द्यायचा नाही. सोबत मास्क द्यायचा. त्यावरून ज्याला त्याला कळतं की कुठपर्यंतचे नंबर घरचे आणि कुठून पुढे परके. परक्याकडे जायचं तर आधी माझ्याकडे यायचं. माझा स्वतःचा नंबर म्हणजे 'एक'. त्यात मानाचं काही नाही. दाराशी कोणीतरी बसावं लागतं, एवढंच.

काकांनी नवा कॉम्प्युटर घेतला. मी त्याला तेवीस दिला. त्यांना कुठून तरी कळलं की चिमीचा दहा आहे. झालं. म्हातारा सेटिंगमध्ये बोटं घालत बसला आणि स्वतःच्या हाताने स्वतःला माझाच 'एक' हा नंबर देऊन मोकळा झाला.

त्याच दिवशी एका शाळेच्या पुस्तकाची फाइल यायची होती. संध्याकाळपर्यंत ते मशीनवर चढलं नाही, तर काम दुसऱ्या छापखान्यात जाणार होतं. फाइल थोडी यायची आणि तुटायची. चिमीचे निम्मे निरोप माझ्याकडे यायचे, निम्मे काकांच्या दारात जाऊन पडायचे. ते कशाला पुढे पाठवतायत?

"डबडं आणलंय," काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

चिमीने स्वतःचा पत्ता तपासला. ठीक होता. मास्क पाहिला. तिचा आणि छपाईच्या मशीनचा सारखाच, म्हणजे घर एकच. मशीनकडे फाइल जातही होती. मग तिने माझी वायर उपटली आणि एक नंबरला हाक मारून पाहिली. उत्तर आलं. मी तर भिंतीवर मुका लटकलो होतो.

ती काकांच्या टेबलाशी गेली. "काका, तुमचा नंबर बदलायला लागेल. तो राऊटरचा आहे."

"इथे एक नंबर कोण, हे आता तू मला शिकवणार?"

"घरात तुम्हीच. या वायरीवर नाही."

"माझ्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, चिमे. डबडं बदल."

ती गप्प बसली नाही. काकांना 'एक' हाच नंबर हवा असेल तर मला दोनशे चोपन्न देते, म्हणाली. मी आनंदाने घेतला असता. पण मी भिंतीवर राहिलो तर चूक माझी नव्हती, त्यांची होती, असं ठरेल, एवढं काकांना बरोबर कळलं. ते बाजारात गेले आणि नवा राऊटर घेऊन आले. ते येईपर्यंत शाळेचा फोन येऊन गेला होता. काम गेलं होतं.

नव्या राऊटरची नंबरांची मालिकाच वेगळी. बाकी सगळ्यांनी त्याच्याकडून नवे पत्ते घेतले आणि कामाला लागले. हाताने नंबर घातलेला काकांचा कॉम्प्युटर तेवढा जुन्या मालिकेत राहिला. त्याच्या मास्कच्या हिशेबाने आता सगळा छापखानाच परका आहे. घरात तो एकटा, आणि एक नंबर. काका रोज त्याच्यासमोर बसतात आणि छापायचं असलं की फाइल पेनड्राइव्हवर घेऊन उठतात. विचारणार कुणाला? चिमी महिनाअखेरीस दुसऱ्या छापखान्यात गेली. शाळेचं पुस्तक तिथेच छापलं जातंय.

घरातल्या मोठ्यांना एवढंच सांगणं आहे, की नंबर मागून घ्या, बळकावू नका.

मला कागदाच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून ठेवलंय. मी बिघडलेलो नव्हतो. माझं काम गेलं.