उतरवायची राहिलेली कमान

सोजरानं चढवलेली कमान मी दहा महिने उतरवली नाही.

सोजरा माझी बायको. कमान चढवायची म्हणजे तिला दोरी लावायची, आणि बाण मारून झाले की दोरी काढून कमान उतरवायची. हे काम एकट्याचं नाही. मी ओट्यावर बसून कमान मांड्यांवर घ्यायचो, जोर लावून वाकवायचो, आणि सोजरा समोर बसून दोरीचा फासा टोकाच्या खाचेत बसवायची. मार्गशीर्षातल्या एका रविवारी तिनं असाच फासा बसवला. मी परसात कडब्याच्या पेंढ्यांवर वीसेक बाण मारले. संध्याकाळी तिला ताप भरला आणि पाचव्या दिवशी ती गेली. कमान खुंटीवर तशीच चढलेली राहिली.

मी नांदुऱ्याच्या बाजारात मापारी आहे. महाराष्ट्र झाला त्या वर्षी मलकापूरच्या एका भंगारवाल्याकडे मला पहिली जुनी कमान मिळाली. अडीच हात लांब, काळी, दोन्ही टोकं आत वळून जवळजवळ गोल झालेली. घरी आणून मी तिला आहे त्याच बाजूला आणखी वाकवायला गेलो. कडकन आवाज झाला. सोजरा तांदूळ निवडत होती.

"ते उलटं तं नसंन?" ती म्हणाली.

"कमान उलटी कशी असंन?"

"तुटली ना पण."

तिचंच खरं होतं. ते मला गुलाम रसूलनं सांगितलं. तो मलकापूरला मोडलेली हाडं बसवतो, पण त्याचा आजा कमानी बनवायचा. म्हशीचं शिंग, मधे लाकूड, पाठीवर जनावराच्या नसा, सगळं सरसानं चिकटवलेलं. अशी कमान दोरी काढली की उलटी वळते. चढवताना तिला तिच्या वळणाच्या विरुद्ध वाकवायचं असतं. तिचा जोर त्यातच आहे.

पुढच्या पाच वर्षांत मी चार धड कमानी जमवल्या. एक तर जानेफळच्या एका घरात माळ्यावर कांद्यांखाली पडली होती. सोजरा म्हणायची, "लोकं बायकोले पाटल्या आणते, तुम्ही शिंगं आणता." पण रविवारी न बोलावता हात पुसून समोर येऊन बसायची. फासा बसला की तोंड फिरवून पदर तोंडाला लावायची. माझ्या मांड्या थरथरायच्या, त्याला ती हसते असं मला वाटायचं. मीही म्हणायचो, "हास, हास."

आश्विनात गुलाम रसूल घरी आला. बसायच्या आधीच त्याची नजर खुंटीवर गेली.

"हे कवापासून चढलेली हाय?"

मी सांगितलं.

"पावसाळाभर? भाऊ, सरस नरम पडला असंन. खालचा भाग पाह्य, मुरगळून राह्यला. एक दिवस दोरी आपसूक निसटंन अन् कमानीचे दोन तुकडे होतीन."

"होऊ दे."

"उतरव ना मंग, शालिग्राम."

"तो फासा तिनं बसवला हाय, गुलामभाई. तो काढला का मंग काय राह्यलं?"

तो खाली बसला. मग म्हणाला, "माह्याकडं एक माणूस हात मोडून आला होता. म्या पट्टी बांधली. सोडायले ये म्हटलं तं आलाच नाही, दुखंन म्हणून भेला. हाड जुळलं, पण हात आखडला. आता घास तोंडापर्यंत जात नाही त्याचा." चहा पिऊन तो गेला.

मी रोज कमान पाहू लागलो. दोरी दिवसेंदिवस कडेला सरकत होती. आठव्या दिवशी शिंगावर केसाएवढी चीर दिसली. कमान तुटली असती तर तिनं बसवलेला फासाही राहणार नव्हता. मी कमान तशीच चढलेली खांद्याला अडकवून स्टेशनवर गेलो. फलाटावरची पोरं म्हणाली, "काका, रामलीला कुठं हाय?"

मलकापूरला गुलाम रसूलनं मांडी घालून कमान वाकवली. "काढ, तूच काढ," तो म्हणाला. मी फासा काढला. काहीच जोर लागला नाही. कमान चटईवर सरळ पडून राहिली, उलटी वळलीच नाही. मी हातातल्या दोरीकडे पाहत बसलो. फाशाची गाठ सोजरानंच मारलेली होती. ती तशीच होती. दोरी मी खिशात ठेवली.

गुलाम रसूलच्या बायकोनं, सरवरीभाभीनं, चहा आणला. चहा संपेपर्यंत कमानीची टोकं दोन बोटं वर उठली होती.

"पाहा भाऊ," ती म्हणाली, "आळोखेपिळोखे देऊन राह्यली."

गुलाम रसूलनं ती महिनाभर ठेवून घेतली. निखाऱ्यावर दुरून शेकली, चिरेत सरस भरला, फळीला बांधून तिचा पीळ काढला. मी पुन्हा गेलो तेव्हा तो म्हणाला, "दोरी आणली का? म्या वाकवतो. तू फासा बसव."

त्या बाजूला मी कधी बसलो नव्हतो. फासा खाचेत ढकलला, त्यानं जोर थोडा सैल केला, आणि माझा अंगठा दोरीखाली सापडला. डोळ्यांत पाणी आलं. त्याला दिसू नये म्हणून मी अंगठा ओढून घेतला, तोंड फिरवलं आणि तो तोंडात धरला.

मागून गुलाम रसूल म्हणाला, "हासतो काऊन बे?"

अंगठा माझ्या तोंडातच राहिला. पाच वर्षांतले सगळे रविवार मला आठवले. तिनं एकदाही सांगितलं नव्हतं.

"शालिग्राम, लय लागलं का?"

"हाव," मी म्हणालो. "लागलं."

त्याच्या परसात कडब्याची पेंढी उभी केली. पहिला बाण भिंतीला लागला, दुसराही. तिसरा पेंढीत गेला. आणखी दहा-बारा मारले. अंगठा ठणकत होता.

ऊन उतरायच्या आत मी म्हटलं, "गुलामभाई, ये. उतरवून टाकू."

त्यानं कमान मांडीवर घेतली. मी त्याच्यासमोर बसलो.