मानेपासून मऊ

सगळ्यांत पिवळी, सगळ्यांत टपोरी नाशपाती लेकीनं आईसाठी निवडली होती. सुरी फिरवली आणि दोन फाका ताटलीत पडल्या. वरून सोनं, आतून नुसता लगदा. बियांभोवतीचा गर तपकिरी होऊन बसला होता आणि त्याला आंबूस वास येत होता.

"असू दे," आई म्हणाली आणि ताटली पुढे सरकवली.

लेकीला नेमकं हे 'असू दे' नको होतं. तिचे वडील, अण्णा, गेले तेव्हा झाड फुलावर होतं. त्याआधी हिवाळ्यात कानटोपी घालून, शिडीवर चढून त्यांनीच त्याची छाटणी केली होती. म्हणजे यंदाचं फळ त्यांच्या हातचं शेवटचं. तेव्हापासून आई जेवायची तीही कुणावर उपकार केल्यासारखी. आपणहून एकच गोष्ट मागितली होती तिनं: "यंदाच्या नाशपात्या तेवढ्या मला खायच्यात." लेकीनं ग्रंथालयातून पंधरा दिवसांची रजा काढली आणि आली.

आली आणि वाट बघत बसली. रोज सकाळी मागच्या खोलीला वळसा घालून झाडाखाली जायची, मान वर करून बघायची आणि परत यायची. "हिरव्याच आहेत अजून." या घरात नाशपाती कधी कुणी हिरवी पाहिलीच नव्हती. अण्णा सकाळी मागल्या दारानं जायचे आणि टोपलीत पिवळ्याधमक, सुगंधी नाशपात्या घेऊन यायचे. कधी काढायच्या, कशा काढायच्या, असं विचारलं की म्हणायचे, "मी बघतो ना." तेच बघत होते म्हणून बाकी कुणी बघितलं नाही.

आणि आता पिवळ्या झाल्या होत्या तर ही गत. लेकीनं आणखी सहा कापल्या. सहाच्या सहा तशाच. खाली गळलेल्यांनी तर बादली भरली होती.

दुपारी तिनं आत्याला फोन लावला. अण्णांची ही धाकटी बहीण. दोघं एकाच बागेत वाढलेली. आत्यानं सगळं ऐकून घेतलं.

"पिवळ्या होईपर्यंत झाडावर ठेवल्यास?"

"मग? कच्च्या काढायच्या?"

"कच्च्या नाही गं, हिरव्या. येते मी. तोवर झाडाला हात लावू नकोस. विद्वान बाईचा काही भरवसा नाही."

आत्या तासाभरात आली, चपला न काढता थेट झाडाखाली गेली. आईही मागोमाग आली, पण दारातच उभी राहिली.

"नाशपाती आतून बाहेर पिकते," आत्या म्हणाली. "झाडावर पिवळी दिसली, की समज आत तिचा कारभार आटोपला. हिची पिकायची जागा घरात. उन्हाकडच्या गेल्या तुमच्या. पण या आतल्या बघ, सावलीतल्या. हिरव्या आहेत ना? बघू या."

तिनं एक फळ तळव्यात घेतलं. ओढलं नाही, पिळलं नाही. नुसतं हळूच वर उचलून आडवं केलं. टक् करून देठ फांदीपासून सुटला आणि फळ हातात आलं.

"आली, म्हणजे तयार. नाही आली, तर तिला राहू दे. आठवड्यानं परत विचार."

लेक शिडीवर चढली. पहिली आली, दुसरी आली. तिसरी अडून बसली, तेव्हा लेकीनं जरा झटका दिला. फळाबरोबर फांदीची बोटाएवढी गाठाळ काडीही तुटून आली.

"झालं," आत्या खालून म्हणाली. "ती काडी पुढच्या साली फुलायची होती. बाईसाहेबांनी यंदाच उरकून टाकलं."

"सॉरी."

"मला काय सॉरी म्हणतेस? झाडाला म्हण."

त्यानंतर लेकीचा हात हलका झाला. फळ उचलायचं, आडवं करायचं, थांबायचं. सुटलं तर घ्यायचं. अर्ध्या तासात चाळीसेक नाशपात्या उतरल्या. दगडासारख्या टणक, हिरव्यागार.

"आणि या ठेवायच्या कुठे?" आईनं दारातून विचारलं.

आत्या तिच्याकडे बघतच राहिली. "वहिनी, अण्णा ठेवायचा तिथेच. मागच्या खोलीत."

"तिथे यांच्या वायरी आहेत."

अण्णा वायरमन होते, त्यांची खोली ती. वायरींची भेंडोळी, जुने पंखे, स्विचांचे डबे. आई तिला 'भंगारखाना' म्हणायची आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची नाही. आत्यानं दार ढकललं. आत गारवा होता. भिंतीलगत चार लाकडी खोकी एकावर एक, तळाशी कागद अंथरलेला.

"एक थर. एकमेकींना टेकू द्यायच्या नाहीत. तीन आठवडे गारव्यात राहायच्या, मग चार-पाच करून स्वयंपाकघरात आणायच्या. इथूनच तर न्यायचा तो टोपली भरून."

आईच्या डोक्यात उजेड पडायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे झाडावरून नाही?"

"झाडावरून महिन्याभरापूर्वी."

"वन्सं, तीस वर्षं मी 'आत्ता उतरवल्यात' म्हणून शेजारीपाजारी वाटल्या."

"तुम्ही कौतुक करायचात, तो ऐकून घ्यायचा. फुकटचं कौतुक कोण परत करतं?"

"लबाड," आई म्हणाली. पण असं म्हणून ती खोलीत आली, खोक्यापाशी खाली बसली आणि हात पुढे केला. लेक एकेक नाशपाती देत गेली, आई मांडत गेली.

रजा संपवून परत गेल्यावर तीन आठवडे लेकीनं रोज संध्याकाळी फोन केला. आधी आईच्या तब्येतीची चौकशी करायची, मग खोक्यांची. हळूहळू आईच खोक्यांपासून सुरुवात करायला लागली. एकीवर डाग होता, ती वेगळी काढली. दोन अजून दगडच आहेत. झाडावर राहिलेल्या सातांपैकी पाच परवा सहज हातात आल्या. "शिडीवर नाही चढले, ओरडू नकोस. खालच्याच फांदीवरच्या होत्या."

लेक सुटीच्या दिवशी पोचली तेव्हा ओट्यावर पाच नाशपात्या ओळीनं उभ्या होत्या. अजून पुरत्या पिवळ्या नव्हत्या. लेकीनं एकीचं पोट दाबून पाहिलं.

"पोट नाही, मान," आई म्हणाली. "देठाजवळ अंगठा ठेव. तिथे मऊ लागली की खायची. पोट मऊ होईपर्यंत थांबलीस तर उशीर. वन्संनी सांगितलं."

देठाजवळ अंगठा किंचित रुतला. लेकीनं सुरी घेतली. फाका दोन बाजूंना पडल्या. गर पांढरा होता, थेट बियांपर्यंत, आणि सुरीवरून रस ओघळत होता.

आईनं फाक उचलली आणि वॉशबेसिनवर वाकून खाल्ली. रस मनगटावरून कोपरापर्यंत आला. तिनं तो पुसला नाही. दुसरी फाकही उचलली.

"तुला राहिली नाही," आई शेवटी म्हणाली.

"चार आहेत की."

आईनं ओल्या हातानंच चारही नाशपात्यांच्या माना तपासल्या. एक मागे ठेवली, दुसरीही ठेवली. तिसरीवर अंगठा जरा रेंगाळला.

"ही काप," ती म्हणाली. "आणि मलाही दे अर्धी."