न घेतलेलं नाव

सगुणाअक्कांचं नाव आधी घेतो. त्यांच्या साक्षीवाचून मार्था माझ्या घरात आली नसती. धरणगावच्या जिनिंगात सरकीपासून रुई सुटते तेव्हा हवेत जो शुभ्र, अस्थिर धुरळा तरंगत राहतो, तसा मार्थाचा स्वर: कानाशी येतो, हाती लागत नाही. मिशनच्या दवाखान्यात जखमा धुताना ती गुणगुणायची, आणि चौथीतच शाळा सुटलेल्या, पोटासाठी इतक्या दूर येऊन तिथंच हरकाम्या झालेल्या मला वसईच्या आमच्या देवळाची सायंघंटा आठवायची.

तिचं एक लग्न आधी झालेलं. जामनेरकडच्या एका शेतकऱ्याशी, मांडवात, भटजींसमोर. सहा वर्षांनी त्यानं दुसरी केली, पंचांनी फारकत दिली. पण आमच्या धर्मात फारकत चालत नाही. फादर म्हणाले, "ही कॅथलिक. लग्न फादरसमोर लागलं नसेल, तर ख्रिस्तसभेच्या लेखी ते झालंच नाही. तसं सांगणारा साक्षीदार आणा. बिशपांचा कागद आल्याशिवाय लग्नासाठी तुमची नावं देवळात पुकारता येणार नाहीत."

साक्षीच्या दिवशी त्यांनी तिला त्या नवऱ्याचं नाव विचारलं. मार्थानं पदर डोक्यावर ओढला. खिडकीतली उन्हाची तिरीप तिच्या मिटल्या ओठांवर येऊन थबकली. तिकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मला मात्र ती "पेद्रू, पट्टी धर" अशी खुशाल हाक मारायची. माझं नाव रोजच्या वापरातलं पितळी भांडं; त्याचं, देव्हाऱ्यात झाकून ठेवलेलं. त्या क्षणी माझ्या आत जे पेटलं, ते अजून पुरतं विझलेलं नाही.

नाव सांगितलं अक्कांनी. त्या त्याच माणसाच्या सख्ख्या आत्या; भाच्याची भीड न धरता बैलगाडीनं आल्या होत्या.

"लग्नात पादरी होता?" फादरांनी विचारलं.

"पादरी काब्रं येई? भट व्हता. मी सोता अक्षता टाक्यात, बठ्ठं गाव जेवनं. नि तुम्ही म्हनतस लगीन व्हयनंच नही?" मग मार्थाकडे पाहून त्यांचा आवाज उतरला. "लिखी ल्या बापा. पादरी नव्हता."

कापूस वेचून शेतांत नुसत्या पऱ्हाट्या उरल्या त्या दिवसांत कागद आला. मी हरखून म्हणालो, "आता एकदा तूही म्हण, नव्हतंच ते."

"म्हणते की," मार्था म्हणाली. "पण मग ती सहा वर्षं मी कुठं होते, तेही बघ त्या कागदात."

आमचं लग्न लागलं. दुसऱ्या सकाळी चुलीपाशी भाकरी थापता थापता तिनं हाक दिली, "अहो!" पेद्रू संपला. मी सुखावलो, आणि लगेच वाटलं, किती सराईत आला हा शब्द, किती गुळगुळीत, जणू त्याच्या कडा आधीच कुणी झिजवून ठेवल्यात.

अक्कांनी समुद्र पाहिलेला नाही. कधीतरी त्यांना वसईला नेईन, माझ्या आईच्या पंगतीला बसवीन. त्यांचे उपकार मला असेच फेडायचे आहेत. पण त्या वाटेवरही त्यांच्या भाच्याचा विषय मी काढणार नाही. कागद लग्न पुसतो, घरातून माणूस पुसत नाही. त्याचं नाव मार्था घेत नाही, आणि हल्ली मीही घेत नाही.