पाहुण्याच्या घामोळ्या

ज्योत्स्नाने बबलूला उंबऱ्याच्या अलीकडेच धरलं, त्याची हनुवटी वर केली आणि त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं.

"काय खाल्लं रे सकाळी?"

"बिस्किट," बबलू म्हणाला.

बिस्किटाला कुठे असा संत्र्याचा वास येतो? हा वास तिला पाठ होता. तापाचं औषध पाजायचं, पोराचं अंग तेवढ्यापुरतं गार करायचं, इथे आणून सोडायचं आणि गाडीवर बसून पसार व्हायचं. मग दुपार व्हायच्या आत पोर फणफणलं की फोन लावायचा काकूंनी, आणि तो उचलायचा मात्र कुणी नाही. पिंप्राळ्यात घरच्या घरी पाळणाघर काढल्यापासून हाच प्रकार चालला होता. दाराशेजारी तिने मोठ्या अक्षरांत बोर्ड लावला होता. ताप, जुलाब किंवा अंगावर पुरळ असल्यास मूल आणू नये. ताप उतरल्यावर एक दिवस घरी ठेवावे. बोर्ड सगळे वाचत, वाचून "बरोबर आहे काकू" म्हणत आणि दुसऱ्या दिवशी संत्र्याचा वास घेऊन हजर. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

"मोनाली, औषध कधी पाजलंस याला?"

बबलूची आई फाटकाबाहेर उभी होती. स्कूटर तिने बंदही केली नव्हती.

"अंग जरा कोमट लागलं हो काकू. दात येत असतील."

"तीन वर्षांच्या पोराला दात?"

ज्योत्स्नाने बबलूचा शर्ट वर केला. पोटावर लाल पुटकुळ्या होत्या आणि त्यातल्या एकीत पाणी धरलं होतं. तिने शर्ट चटकन खाली ओढला आणि मागे वळून पाहिलं. आतल्या खोलीत सोनल उशीला टेकून बसली होती, मांडीवर भुईमुगाच्या शेंगांचं ताट. तिची ही एकुलती एक लेक आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या सणाला म्हणून धुळ्याहून माहेरी आली होती आणि बाळंतपण होईपर्यंत इथेच राहणार होती. आठवा महिना होता. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, हिला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या आहेत का? ज्योत्स्नाने ठामपणे नाही म्हणून सांगितलं होतं. आईला माहीत नसेल तर कुणाला? मग जपा, बाई म्हणाल्या होत्या. या दिवसांत आईला आणि बाळाला, दोघांनाही ते जड जाऊ शकतं. तेव्हापासून ज्योत्स्नाच्या जिवाला घोर लागला होता. प्रत्येक पोराचं पोट, पाठ, मान ती दारातच तपासत होती.

"कांजिण्या आहेत या," ती म्हणाली. "आणि तू पाहिल्या आहेस. पाहूनच फुल बाह्यांचा शर्ट घातलास, या उन्हाळ्यात."

"काकू, आजच्या दिवस. लग्नसराई आहे, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. आज सुट्टी मागितली तर शेठ उद्यापासून येऊच नको म्हणेल. बबलूचे पप्पा पुण्याला, सासूबाई नंदुरबारला. मी कुणाकडे जाऊ?"

"ते मला नको सांगूस. माझी पोटुशी लेक आहे आत. तुझ्या डोळ्यांना दिसत नाही?"

"कोपऱ्यात बसवा ना त्याला. तो शहाणा आहे."

शहाणा! ज्योत्स्नाच्या डोक्यात तिडीक गेली. रोज रोज तेच बोलून तिचा घसा सुकला होता, आणि आता तर तिच्या घरातच आग आणून ठेवायला निघाली होती ही बाई.

"नोकरीची एवढी हौस आहे, तर पोराचंही बघावं माणसाने! जा घेऊन. आणि बरा झाल्याशिवाय फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही."

ओट्यावरच्या बाजेवर तिची सासू, नानीबाई, पडून होती. ती कोपरावर उठली.

"ऱ्हाऊ दे ना ज्योत्स्ना. नको काढू त्याले."

"आत्याबाई, तुम्ही मधे बोलू नका."

मोनालीने बबलूला उचलून स्कूटरवर पुढे उभं केलं. अंगणातल्या निंबाला आखाजीचा झोका पंधरवडा उलटला तरी तसाच टांगलेला होता. "झोका?" बबलूने विचारलं. स्कूटर वळणावरून दिसेनाशी झाली.

ज्योत्स्नाने साबणाने हात चोळचोळून धुतले आणि उंबऱ्यावर फिनेलचं पाणी ओतलं. आत दोन-तीन पोरं आधीच येऊन ठोकळ्यांशी खेळत होती, त्यांचीही पोटं पुन्हा पाहिली. सोनल हसायला लागली.

"आई, अगं तू त्या पोराला हातच लावलास फक्त."

"तू गप्प बैस. तुला काही झालं तर तुझ्या सासरी मी काय तोंड दाखवू?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. धुळ्याहून विहीणबाईच होत्या, भिकुबाई. ज्योत्स्नाने पदराने तोंड पुसलं, जसं काही फोनमधून दिसणार होतं, आणि आवाजात होता नव्हता तेवढा गोडवा आणला.

"बोला ना ताई! कसे आहात सगळे?"

"मजेत आहोत. म्हटलं गोड बातमी सांगावी. आज मातेला दहीभात दाखवला. अभिमनला न्हाऊ घातलं, खपल्या सगळ्या गळाल्या बघा."

"खपल्या? कसल्या?"

"अहो, तुमच्याकडून परत आला ना आखाजीला, त्याच रात्री अंगभर माता उठली त्याच्या. असली तापली पोराची काया! माता घरात असली की तिचं नाव काढू नये, म्हणून तुम्हाला बोलले नव्हते. आता गेली सुखरूप."

अभिमन म्हणजे भिकुबाईंचा मोठा नातू. सोनलला पोचवायला आलेल्या मंडळींबरोबर तो आला होता आणि दोन दिवस राहिला होता. झोक्यावरून उतरायला तयार नव्हता. मागे बबलूला बसवायचा, पुढे स्वतः, आणि दोघं खिदळत होते. निघायच्या सकाळी तो पाठ खाजवत तिच्याकडे आला. तिने शर्ट वर केला. पाठीवर दाणे होते, लाल. "घामोळ्या आहेत रे राजा," ती म्हणाली होती आणि आपल्या हाताने त्याच्या पाठीवर डबाभर पावडर शिंपडली होती. ज्या बाईला पोराच्या श्वासावरून औषध ओळखता येतं, तिला त्या दिवशी घामोळ्या दिसल्या. दिसणारच. जावयाच्या घरचं पोर होतं ते. त्याच्या तोंडाचा वास कोण घेणार? त्याला लाडूच द्यायचा असतो.

घरचं झालं थोडं, अन् व्याह्यांनी धाडलं घोडं! पण घोड्याला हार घालून आत घेतलं होतं तिनेच.

"अहो, पण सोनल!" तिच्या तोंडून कसंबसं निघालं. "सोनल होती ना तिथे, त्याच्याजवळ!"

"तिची काळजी होतीच की मला. म्हणून तर लगेच नानीबाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, हिला येऊन गेलीय लहानपणी. मग मी निर्धास्त."

फोन बंद झाला. ज्योत्स्ना ओट्यावर गेली. नानीबाई बाजेवर पाय हलवत बसली होती, काही घडलंच नाही अशी.

"आत्याबाई, तुम्हाला अभिमनचं माहीत होतं?"

"भिकुबाईना फोन येल व्हता."

"आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत?"

"तू काय करती? जावईना घरना पोरले तो बोर्ड दखाडती?"

ज्योत्स्ना बाजेच्या कडेला टेकली.

"सोनलला येऊन गेल्या म्हणून सांगितलंत तुम्ही. कधी आल्या? मला कसं माहीत नाही?"

"तू धुळाले परीक्षा देवाले गयी व्हती, तवय. बठ्ठं आंग भरी गयथं पोरनं. इकडे ये वं सोनल. कानना मांगे दखाड तुनी मायले."

सोनलने केस बाजूला केले. कानामागे मुगाच्या दाण्याएवढा खड्डा होता. तो ज्योत्स्नाने हजारदा पाहिला होता, वेणी घालताना रोज पाहिला होता. कान टोचला तेव्हा पिकला असेल, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

"मी तर रोज फोन करत होते," ती म्हणाली. "कोपऱ्यावरच्या दुकानात फोन लावून तुम्हाला बोलावून घ्यायचे. रोज विचारायचे, सोनल कशी आहे. तुम्ही म्हणायच्या, खेळतेय."

"मंग काय सांगू? तुले सांगं असतं ते तू पेपर सोडीसन पयत यी जाती."

आली असती. सगळं टाकून पहिल्या एसटीने आली असती. बालवाडीच्या कोर्सची परीक्षा होती ती. त्याच कोर्सचं प्रमाणपत्र फ्रेम करून आतल्या भिंतीवर लावलेलं होतं, आणि त्याच्याच जिवावर हे पाळणाघर उभं होतं. तिकडे ती पेपर लिहीत होती आणि इकडे ही म्हातारी तापलेल्या पोरीला मांडीवर घेऊन निंबाच्या पाल्याने वारा घालत होती. शिकायची एवढी हौस आहे तर पोरीचंही बघावं, असं ती तेव्हाही म्हणाली नव्हती आणि नंतर भांडणातसुद्धा कधी म्हणाली नाही.

"मग सकाळी तरी तोंड उघडायचं होतं," ज्योत्स्ना म्हणाली. तिला अजून चीड येत होती, पण आता ती कुणावर काढायची तेच कळेना.

"उघाडं व्हतं. तूच म्हनी, मधे बोलू नका."

आधी तिने डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, येऊन गेल्या असतील तर घाबरायचं कारण नाही, तरी उद्या रक्त तपासून घेऊ. मग तिने कांजिण्यांची खूण म्हणून निंबाची एक डहाळी तोडून फाटकाला खोचली आणि एकेका पालकाला फोन लावायला बसली. मूल घेऊन जा. कांजिण्या आहेत. नाही, बबलूमुळे नाही. माझ्याच घरातून सुरू झाल्या, माझ्या पाहुण्याकडून. प्रत्येक वेळी हे शेवटचं वाक्य बोलताना तिची जीभ जड होत होती, पण तिने ते एकदाही गाळलं नाही.

सगळ्यात आधी लीलाधर आला, मुलीला न्यायला. हाच तो, जो तापातल्या पोरीला आणून सोडायचा आणि बोर्डापुढे उभा राहून वर वकिली करायचा. फाटकाची डहाळी पाहून त्याने मुकाट्याने चप्पल बाहेर काढली आणि हात जोडले. मुलीला कडेवर घेतल्यावर मात्र त्याला राहवलं नाही.

"काकू, बोर्डावर पाहुण्यांचंही लिहून टाका आता. नाहीतर आपला तो बाब्या आणि आमचं ते कार्टं."

"लिहिते भाऊ," ज्योत्स्ना म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

मोनाली काही केल्या फोन उचलेना. शेवटचं पोर गेलं तशी ज्योत्स्ना उठली आणि भर उन्हात रिक्षा करून बाजारात गेली.

साड्यांच्या दुकानात बायकांची झुंबड होती. मोनाली गादीवर गुडघे टेकून शालू उलगडून दाखवत होती. दारात ज्योत्स्ना दिसली आणि तिच्या हातातला शालू तसाच राहिला. ती उठून झपाझप मागच्या पडद्याआड गेली. ज्योत्स्नाही तिच्या मागोमाग गेली.

पडद्यामागे रिकाम्या खोक्यांवर चादर टाकून बबलूला निजवलं होतं. त्याचे डोळे उघडे होते. मोनालीने ओढणीच्या टोकाने घाईघाईने त्याचं तोंड पुसलं, एकदा, आणि मग पुन्हा एकदा.

"काकू, शेठला नका सांगू. पाया पडते. मी संध्याकाळी दवाखान्यात नेणारच आहे."

ज्योत्स्नाला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"त्याला हे माझ्या घरातून लागलंय," ती म्हणाली. "आखाजीला आमच्याकडे पोरगा आला होता बघ, धुळ्याचा. झोक्यावर बसवायचा याला. त्याच्या अंगावर होत्या. मी पाहिल्या आणि घामोळ्या म्हणून सोडून दिल्या."

मोनालीने हातातली ओढणी सोडली.

"आणि सकाळी तुम्ही मला—"

"हो."

मोनालीला पुष्कळ बोलायचं होतं. बाहेरून शेठची हाक आली, "मोनाली! गिऱ्हाईक बसलंय!"

"दे त्याला," ज्योत्स्नाने हात पुढे केले. "बाकीची पोरं मी घरी पाठवली. आता हा एकटाच असेल. जाताना दवाखान्यात दाखवून नेते."

"आणि सोनलताई?"

"तिला लहानपणीच येऊन गेल्या आहेत. मला आज कळलं."

मोनालीने पर्समधून औषधाची बाटली काढून ज्योत्स्नाच्या हातात ठेवली. "ताप चढला तर द्या," एवढंच म्हणाली आणि डोळे पुसत पडदा सारून बाहेर गेली. बाहेरून लगेच तिचा आवाज आला, हा रंग बघा ना ताई, हा तुम्हाला उठून दिसेल.

ज्योत्स्नाने बबलूला उचललं. त्याचं अंग चांगलंच तापलं होतं. दुकानाच्या मागच्या दाराने ती गल्लीत उतरली आणि पदर त्याच्या डोक्यावर ओढून रिक्षाची वाट पाहत उभी राहिली. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तोंड तिच्या तोंडाच्या अगदी जवळ होतं आणि त्याला संत्र्याचा वास येत होता.

"काकू," न विचारताच तो म्हणाला, "मी बिस्किट खाल्लं."

"हो रे राजा," ज्योत्स्ना म्हणाली. "बिस्किटच खाल्लंस."