आधी पेनड्राइव्ह, मग हार्डडिस्क

कंपनीचं नाव पडद्यावर चमकलं आणि प्रज्ञाचं बोट एफ-टूवर पोचेपर्यंत विझलंही. पुन्हा तोच काळा पडदा, सिस्टीम सापडत नाही म्हणणारी तीच इंग्रजी ओळ. तिनं बटण दाबून धरून कॉम्प्युटर बंद केला.

चालू केल्या केल्या टकटक दाबत राहा, असं पुण्याहून तिचा भाऊ प्रशांत फोनवर सांगत होता. सकाळपासून तो हेच सांगत होता आणि ती हेच करत होती.

सोनईतल्या कॉम्प्युटरच्या दुकानदारानं हात वर केले होते. फॉरमॅट मारावं लागेल, आतलं सगळं जाईल, म्हणाला. आतलं सगळं म्हणजे त्यांच्या वडिलांची, कचरूंची गाणी. गावोगावच्या जयंतीत कचरू भीमगीतं गात. प्रशांतनं एका सुट्टीत घरीच माइक लावून ती रेकॉर्ड केली होती, दुसरीकडे कुठं ठेवायची मात्र राहून गेली. पुढे कॅन्सर निघाला, स्वरयंत्र काढावं लागलं. आता कचरू खुणांनी बोलत.

प्रशांतनं पाठवलेल्या पेनड्राइव्हमध्ये दुसरी सिस्टीम होती; तिच्यावर कॉम्प्युटर चालू झाला, की आतली गाणी काढता येणार होती. हार्डडिस्कच्या आधी पेनड्राइव्हकडे बघ, एवढंच त्या यंत्राला पटवायचं होतं.

कधीतरी एफ-टू वेळेवर दाबलं गेलं आणि सेटिंगचा निळा पडदा उघडला. तिथं माउस चालेना. बाणांच्या बटणांनी चाचपडत ती 'बूट'पर्यंत, म्हणजे कॉम्प्युटर कशावरून सुरू करायचा त्या यादीपर्यंत गेली, पेनड्राइव्ह सगळ्यात वर नेला, सेव्ह केलं. आणि लाइट गेली.

लाइट आल्यावर पाहिलं, तर हार्डडिस्क पुन्हा पहिली. आतला सेल मेला असणार, वीज गेली की कॉम्प्युटरच्या काही लक्षात राहत नाही, असं प्रशांत म्हणाला.

"मग हे आधी सांगायचं ना," म्हणून तिनं फोन ठेवला. नगरच्या दवाखान्यात ती नर्स होती. मागून मागून मिळालेली सुट्टी अशी चालली होती.

कचरू शेजारी खुर्ची ओढून बसले होते. जरा पडा, असं तिनं सुचवलं. त्यांनी मान हलवली. तिला त्यांच्याकडे बघवेना.

"सोड आता," आई, बनाबाई, स्वयंपाकघरातून म्हणाली. "त्या डबड्याला आपलं काई पडल्यालं न्हाई."

प्रज्ञानं दात आवळून पुन्हा सगळं केलं. बटण, बाण, पेनड्राइव्ह वर, सेव्ह. या खेपेला लाइट टिकली. अनोळखी चित्रांचा पडदा उघडला. बऱ्याच शोधाशोधीनंतर गाण्यांचं फोल्डर सापडलं. तिनं पहिलंच गाणं लावलं.

आधी खरखर. कुणीतरी ढोलकीवर थाप मारून पाहिली. मग घसा खाकरून कचरूंचा आवाज आला, भरदार, सगळ्या घरभर.

"बने, पानी आन गं."

"आनते," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

तांब्या घेऊन बनाबाई दारात आली आणि थबकली. गाणं सुरू झालं होतं. कचरू मिटल्या ओठांनी तिच्याकडे पाहत होते.

मग त्यांनी हात पुढे करून तांब्या घेतला आणि ते सावकाश पाणी प्यायले.