छतापर्यंत टाइल्स

"आई, हात लावून बघ. तुझी खोली आहे, तूच निवड." मुलाने नमुन्याच्या दोन टाइल्स तिच्या मांडीवर ठेवल्या.

एक पांढरीशुभ्र. दुसरी फिकट हिरवी, कोपऱ्यात एकच पान असलेली. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तिचा उजवा हात नुसता लोंबत असे. डाव्या हाताचा अंगठा तिने पानावरून फिरवला. ते किंचित उठावाचं होतं.

"ही," ती म्हणाली. "ओट्यामागे शोभेल."

"स्वयंपाकघर कुठून आलं मध्येच?" सून दारातूनच म्हणाली. "तुमच्या खोलीला लावायच्यात, आई."

"झोपायच्या खोलीला कोण लावतं?"

"मग काय करू? भिंतीला हात पुसता, चहा सांडता. रंग देऊन देऊन दमलो आम्ही. आणि वास? परवा माझी बहीण आली, ती दारातूनच परत फिरली."

सून खोटं बोलत नव्हती. भिंत धरल्याशिवाय म्हातारीला उठता येत नसे, आणि पलंगालगत तिच्या पंजाचे ठसे एकावर एक बसून मोठा काळपट डाग झाला होता. वासाचंही खरं होतं.

ओट्यामागे टाइल्स हव्यात, असं तिने नवऱ्यालाही सांगून पाहिलं होतं. "दिवसभर त्याच पुसतेस ना? घरी तरी सुट्टी घे," असं तो म्हणायचा. ती हसायची. पुढे मुलाचं शिक्षण, मुलाचं लग्न. राहून गेलं.

इस्पितळात तिने सगळी नोकरी फरशा आणि भिंती धुण्यात काढली. सगळे मावशी म्हणत. स्वतःचं नाव फक्त हजेरीच्या वेळी कानावर पडे. कुठल्या खोलीत टाइल्स किती उंच जातात, हे तिला पाठ होतं. वॉर्डात कमरेपर्यंत. ऑपरेशनच्या खोलीत दाराच्या वरपर्यंत. छतापर्यंत फक्त तळघरातल्या शवागारात. तिथे सरळ नळीने पाणी मारायचं, कारण तिथल्या कुणाची तक्रार नसे.

मिस्त्री आला आणि त्याने खोके फोडले. सगळ्या टाइल्स पांढऱ्या.

"पानवाली?" तिने मुलाला विचारलं.

"दुकानात संपली होती, आई."

"संपली कसली!" सून बाहेरून म्हणाली. "नक्षीत घाण अडकते. मीच नको म्हटलं."

मुलगा खोक्याची दोरी गुंडाळत बसला.

"कमरेपर्यंत घेऊ ना?" मिस्त्रीने विचारलं.

"छतापर्यंत घ्या," सून म्हणाली. "पुन्हा पुन्हा कोण करत बसणार? आणि त्या कोपऱ्यात पाणी जायला जाळी बसवा. नळी लावली की काम झालं."

मिस्त्रीने एकदा पलंगाकडे पाहिलं. "मावशी इथेच झोपतात ना?"

"मग कुठे झोपणार?"

त्याने खांदे उडवले आणि भिंतीवर सुताने रेघ मारली. रेघेच्या वाटेत खिळा होता. खिळ्यावर तिच्या नवऱ्याचा फोटो.

"तेवढा खिळा राहू द्या हो," ती म्हणाली.

"टाइलमध्ये खिळा बसत नाही, मावशी. तडकते."

"मग फोटो हॉलमध्ये लाव," तिने मुलाला सांगितलं.

मुलाने बायकोकडे पाहिलं. "हॉलला आत्ताच रंग दिलाय, आई," सून म्हणाली. "फोटो पलंगाखालच्या ट्रंकेत राहील. आणि ट्रंकेत धूळ बसत नाही."

काम संपेपर्यंत तिला बाहेरच्या बोळात खुर्चीवर बसवून ठेवलं होतं. आतून टाइल बसवताना होणारी ठकठक ऐकू येत होती. जाताना मिस्त्री सुनेला म्हणाला, "वर सिमेंटचा पातळ थर राहिलाय. उद्या ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर धरून बसेल."

"माझी कंबर आधीच गेलीय," सून म्हणाली. "बघू."

दुसऱ्या दिवशी म्हातारीला पुन्हा पलंगावर आणलं. ती खोकली, तर खोकला चारी भिंतींवर आपटून परत आला. सिमेंटच्या थरामुळे सगळ्या टाइल्स धुरकट दिसत होत्या.

"फडकं दे," ती मुलाला म्हणाली. "ओलं. घट्ट पिळून."

डाव्या हाताने तिने सुरुवात केली. वरून खाली, सरळ. गोल फिरवायचं नाही, नुसते फराटे उमटतात. एक बाजू मळली की घडी उलटायची. दुखणाऱ्या खांद्यामुळे तोंड वाकडं होत होतं, हात थांबत नव्हता.

सून दारात येऊन उभी राहिली. "बघा! म्हटलं नव्हतं, पुसायला किती सोपं? आता यांचं यांनाच जमतंय."

मुलगा पुढे झाला. "आई, राहू दे. मी पुसतो."

"बाहेर थांबा," ती म्हणाली. वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांना सांगायची, त्याच सुरात. "ओलं आहे."

दोघंही उंबरठ्याबाहेर झाले.

हात पोचला तेवढा तुकडा लख्ख निघाला. त्यात पलंग दिसत होता, आणि कोपऱ्यातली जाळी.